सगळ्या वाटा अध्यक्षांकडे

पनवेलमधल्या एका ट्रस्टच्या डायलिसिस केंद्राची वेबसाइट मी सांभाळत असे. ट्रस्टने आपलं नाव बदललं, म्हणजे लांबवलं, आणि वेबसाइटचा पत्ताही बदलला. जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांना नव्यावर पाठवायला सर्व्हरवर रीडायरेक्ट लावायचे होते. प्रत्येक जुनं पान त्याच्या नव्या पानाकडे जावं, एवढंच मी ठरवलं होतं. अध्यक्षांना ते पटलं नाही. समारंभाला आलेला माणूस आधी व्यासपीठाला नमस्कार करतो, मग खुर्ची शोधतो. तसं कुठल्याही लिंकवरून आलेल्याला आधी त्यांचं मनोगत, हात जोडलेल्या फोटोसकट, दिसायला हवं होतं.

"मग निदान तात्पुरता रीडायरेक्ट लावतो," मी म्हणालो.

"शुभकार्यात तात्पुरतं कशाला? कायमचाच लावा."

नव्या वेबसाइटच्या उद्घाटनाला नारळ फुटला, पाहुण्यांनी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रातून एका बाईंचा फोन आला. करंज्याहून सासऱ्यांना डायलिसिसला घेऊन येणाऱ्या.

"दादा, गाडी बोलवायची लिंक दाबली का तो हात जोडलेला मानूस येतो. आमीपन जोडले. हलत नाय तो."

"मग आलात कशा?"

"रिक्षा केली. पन बाजूची खाट रिकामी हाय. डोंगराकडच्या वाडीवरचे आजोबा. ते कधी चुकत नाय."

लिंकवरून निरोप आला तरच केंद्राची गाडी वाडीवर जायची. आजोबांच्या मुलाचा फोन लागेना. मी काउंटरला सांगून गाडी पिटाळली आणि रीडायरेक्ट काढून टाकला. मग बाईंना लिंक पुन्हा दाबायला सांगितलं.

"तोच मानूस," त्या म्हणाल्या.

कायमचा म्हणून लावलेला रीडायरेक्ट एकदा मिळाला, की फोन तो लक्षात ठेवतो. पुन्हा सर्व्हरला विचारायला येत नाही. किती फोन असे अध्यक्षांपाशी अडकलेत, हे मला कळायची सोय नव्हती. जे फोन करत नव्हते त्यांचीच धास्ती होती.

अध्यक्षांना फोन केला. लोक आता तुमच्याच पानावर येत राहणार, म्हणून गाडीचं बटण तिथेच, सगळ्यात वर ठेवावं लागेल, असं सांगितलं.

"म्हणजे कायम मीच दिसणार?" आवाजात काळजी नव्हती.

"बटणाच्या खाली, साहेब."

"फोटो कापू नका," ते म्हणाले.

बटण चढवलं आणि ड्रायव्हरच्या फोनची वाट पाहत बसलो. शेवटी फोन आला.

"घेतलं आजोबांना. तोंड सुजलंय, धाप लागलीय, पण बोलतायत. त्यांचा मुलगा विचारतोय, काल संध्याकाळपासून त्या साहेबांना दाबतोय, ते काही बोलत का नाहीत?"

मी म्हणालो, गाडी जोरात हाणा. आजोबांना मशीनवर घेतल्याचं काउंटरने कळवेपर्यंत मी खुर्चीतून उठलो नाही.