दत्तूभाऊनं मुद्दाम फाडलेला आवाज

गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ज्यानं कोणी दत्तूभाऊला "साफ आवाजाचा जादूगार" लिहिलं, त्याला काडीचं माहीत नाही.

आज सकाळी आपल्या कारंजा गावात दत्तूभाऊ वारला. लाऊडस्पीकरवाला.

सगळे फुलांचे फोटो टाकून राहिले. माझं डोकं फिरलं आहे.

मी चौथी शिकलेला माणूस. लिहिण्यात चुकलं तर चुकलं. कोणाला राग आला तर येवो. उद्या मी असेन, नसेन.

अठ्ठावन्न-एकोणसाठ साल असेल. टुरिंग टॉकीजच्या तंबूत सिनेमाच्या आधी मी बेंजो वाजवायचो, भोंगा-माइक दत्तूभाऊकडे. शेठनं टेप रेकॉर्डर आणला. टेपचं रीळ, म्हणजे स्पूल, एकच.

मानोऱ्याकडच्या बंजारा तांड्यांवरचे लोक तंबूत यावे म्हणून त्यांच्या होळीच्या गाण्याची चाल रेकॉर्ड करायची होती.

माझं ऐकून दत्तूभाऊ म्हणाला, "तुहा बेंजो लय गुळगुळीत वाजते. त्या तांड्यावरच्या बायाचा आवाज वर गेला का फाटते. तसा पाह्यजे."

"बेंजो कसा फाटंल, भाऊ?"

"बेंजो नाई रे येड्या. वाल फाडंल."

जुन्या हेडफोनचं कॉइलसकट चुंबक त्यानं तारांखाली बसवलं, वायर अॅम्प्लिफायरला जोडली आणि व्हॉल्यूम शेवटपर्यंत पिळला. आतले काचेचे व्हॉल्व्ह, म्हणजे त्याचे वाल, लालभडक. आवाज घुमू नये म्हणून भोंग्याचं तोंड सरकीच्या पोत्यांकडे, समोर माइक.

मी एक तार छेडली.

माझाच हात मागे आला.

सूर तोच, पण त्याला काटे फुटलेले.

दत्तूभाऊ बटण केसभर मागे घ्यायचा, केसभर पुढे. "इथं रडते. इथं भांडते. भांडते तेच ठेवू."

दुपार गेली, पण एक टेक असा भरला की आम्ही दोघं येड्यासारखे हसत बसलो.

शेठनं ऐकलं. "दत्तू, मशीन बिघडली काय?"

"नाई शेठजी. मी मुद्दाम फाडला."

"मुद्दाम?" शेठ माझ्याकडे वळला. "वाजवणारा तू. तू सांग, काय झालं?"

अमरावतीचा एक बेंजोवाला माझ्या जागेवर टपून होता.

मी म्हणालो, "वाल गेला असंल, शेठजी."

दत्तूभाऊनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच.

मग चांगला व्हॉल्व्ह काढला आणि त्याच्या जागी दुसरा चांगला बसवला.

"हो. गेलता," म्हणाला.

मला खोटं पडू दिलं नाही.

त्याच स्पूलवर पुन्हा रेकॉर्डिंग झालं. साफ. गुळगुळीत. आधीचा फाटका टेक पुसला गेला. वाजवणारा मीच.

शेठ खुश. तेव्हापासून "दत्तूचा आवाज साफ" हेच नाव चिकटलं. त्यानं पुन्हा कधी आवाज फाडला नाही.

आता माझा नातू पायानं डबी दाबतो आणि त्याची गिटार तशीच गुरगुरते. म्हणतो, "आबा, हे डिस्टॉर्शन आहे, तुम्हाला नाही समजणार."

कानाखाली द्यावी वाटते. त्याच्या नाही. माझ्याच.

साठ-पासष्ट वर्षं एकाच गावात राहिलो. रोज एकत्र चहा प्यालो. मी रोज वाट पाहिली, त्या दिवसाबद्दल आज बोलेल, उद्या बोलेल.

एक शिवी तर द्यायची होती रे, दत्तूभाऊ. माझी तेवढीही लायकी नव्हती काय?

तुह्या पाया पडतो. जाय आता.