तुरटी, लवंग आणि माझा थिसिस

चाळिशीला टेकलेली बाई दुसऱ्याच्या तोंडातली घाण उगवावी म्हणून देवाला हात जोडते, हे काही फार शोभेचं नाही. पण माझे अलीकडचे काही महिने तसेच गेले. नवस बोलायचा तेवढा बाकी राहिला होता, आणि तोही कुठल्या देवाला बोलावा हे न सुचल्यामुळं.

दहा-बारा वर्षं दातांचा दवाखाना चालवल्यावर मला पुन्हा शिकायची हुक्की आली. संभाजीनगरातल्याच एका डेंटल कॉलेजात हिरड्यांच्या विभागात एम.डी.एस.ला प्रवेश मिळाला. दवाखान्याला कुलूप लावलं. वर्गातली पोरं माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मला मॅडम म्हणायची आणि माझ्यासमोर चहाचा कप हातात धरून उभी राहायची. त्याचा मला राग यायचा, पण बसा म्हटलं की जास्तच अवघडायची.

थिसिसचा विषय मी हट्टानं निवडला होता. खेड्यातल्या चाळिशीपुढच्या बायकांच्या हिरड्यांत कोणते जंतू राहतात, आणि पायरियाशी त्यांचा किती संबंध आहे. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक फट असते. हिरडी आजारी पडली की ती खोल होत जाते, आम्ही तिला खिसा म्हणतो. खिशाच्या तळाशी हवा पोचत नाही, आणि नेमके तिथंच हाड पोखरणारे जंतू सुखानं नांदतात. त्यांना हवा लागली की ते मरतात. म्हणून कागदाची एक बारीक काडी खिशात ठेवायची, ती लगेच बाटलीतल्या द्रवात टाकायची, लॅबमध्ये रक्त घातलेल्या प्लेटवर पसरायची आणि हवा काढून टाकलेल्या जारमध्ये प्लेट आठवडाभर ठेवायची. सगळं जमलं तर प्लेटवर काळे ठिपके उगवतात. मला हवे होते ते हे काळे ठिपके.

बायका मिळवून द्यायचं काम आईनं घेतलं. ती जालना रोडवरच्या करमाड गावात राहते. तिच्या शब्दाला गल्लीत मान आहे, आणि नसता तरी तिनं तो मिळवला असता. तिच्या ओसरीवर खुर्ची टाकून, डोक्याला बॅटरी लावून मी पहिल्या वेळी बारा बायका तपासल्या. खिसे होते, हाड गेलेलं होतं, दोघींचे तर दात बोटानं हलत होते. मी मनातून खूश होऊन बाटल्या घेऊन परतले. आठ दिवसांनी जार उघडला, तर प्लेटवर नेहमीचे चारदोन पांढरे ठिपके. काळा एकही नाही.

मी जारला दोष दिला. त्याचं रबर बदललं, झाकणाला व्हॅसलीन चोपडलं, जारमधला प्राणवायू शोषणारी पाकिटं नवी मागवली. दुसऱ्या वेळी आणखी बारा बायका. पुन्हा तेच. लॅब सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या गावच्या बायकांचं तोंड आपल्यापेक्षा स्वच्छ दिसतंय." मी त्यांच्यावर इतक्या जोरात ओरडले की नंतर मलाच जाऊन माफी मागावी लागली.

सरांनी बोलावून घेतलं. माझे गाईड शांत माणूस. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "हाड गेलंय आणि जंतू नाहीत, असं होत नाही. तुमचं कुठंतरी चुकतंय. अजून एक खेप बघू. तीही कोरी गेली तर विषय बदला." विषय बदला म्हणजे थिसिस वेळेत जाणार नाही, आणि थिसिस नाही तर परीक्षेला बसता येत नाही. एक वर्ष पाण्यात. घरी नवऱ्याला सांगितलं, तो म्हणाला, बदल की मग, त्यात काय. त्या दिवशी मी त्याच्याशी जेवतानासुद्धा बोलले नाही.

तिसऱ्या खेपेच्या आधी काय झालं कोण जाणे, मी न कळवता आठ दिवस आधीच करमाडला गेले. दुपारची वेळ होती. आई चुलीपुढं बसली होती. तव्यावर तुरटी ठेवलेली, ती फसफसून फुगत होती. शेजारी खलबत्त्यात लवंगा आणि सैंधव. पाटावर कागदाच्या पुड्या ओळीनं मांडलेल्या. समोरच्या घरची काकू एक पुडी कनवटीला लावून उठतच होती. मला बघून ती हसली, लगेच तोंडावर पदर घेतला आणि निघून गेली.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"तुझीच तयारी," आई म्हणाली. "शहरातल्या गुलमंडीतून मुद्दाम चांगली तुरटी आणविली. इथली मेली दगडासारखी असती."

"माझी कसली तयारी?"

"अगं, तू त्यांच्या तोंडाजवळ नाक नेऊन बसणार. लई वास मारत्यात काहीकाहीची तोंडं. तुला मळमळलं म्हंजे? अन् त्यांनाबी लाज वाटती, डाक्टरीणबाईपुढं तसंच कसं बसायचं. म्हून आठ दिस आधी पुड्या देते. रात्री हिरडीत दाबून भरायची, सकाळी बोटानं चांगली चोळायची. अन् निघायच्या टायमाला तुरटीच्या पाण्याची चूळ."

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. "पहिल्या खेपेलाही दिली होतीस?"

"व्हय मंग. तुझ्या कामाला कमी पडू देते का मी?"

माझ्या फॉर्मवर पंचवीस प्रश्न होते. आज ब्रश केला का, गेल्या तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलं का, माउथवॉश वापरता का. चोवीस बायकांनी चोवीस वेळा खरं तेच सांगितलं होतं, नाही. ब्रश त्यांच्या घरात नातवंडांचा. माउथवॉश हा शब्द मीच त्यांना समजावून सांगितला होता, आणि समजावताना शहरातल्या बाटलीचं चित्र दाखवलं होतं. तुरटीच्या पुडीबद्दल मी विचारलं नाही, कारण ती माझ्या डोक्यातच आली नाही. आणि ही पूड मला ठाऊक नव्हती असंही नाही. लहानपणी माझे दुधाचे दात पडले की आई हीच पूड त्या जागेवर दाबायची. ती खारट तुरट चव मला त्या क्षणी जिभेवर आली, आणि स्वतःचाच इतका राग आला की मी हसायला लागले. आईला वाटलं, मी तिची थट्टा करतेय.

"वाईट केलं का मी?" तिनं विचारलं.

मी सगळं समजावलं, या पुडीनं मला हवे ते जंतूच मरत असणार, हेही. ती ऐकत राहिली. तव्यावरची तुरटी करपली. "म्हंजे तुला वासच पायजे व्हता," ती शेवटी म्हणाली. "आधी सांगायचं की गं."

सरांना फोन केला. सगळं ऐकून ते हसायला लागले. त्यांना मी पहिल्यांदाच हसताना ऐकत होते. नुसत्या चुळीनं इतकं होत नाही, ते म्हणाले, पण आठ दिवस दाबून भरलेली पूड म्हणजे शंकेला जागा आहे. शंका ती शंका, खात्री नव्हे. जारच खराब असेल तर? त्यांनी सांगितलं, आधी एकच माणूस घ्या, ज्याला पायरिया नक्की आहे. पंधरा दिवस पूड बंद, मग सँपल. तिथं काळं उगवलं तर पुढं जा, नाहीतर विषय बदला.

आई म्हणाली, "माझंच घे. माझ्याबी हिरड्यांतून रगत येतं, रोज हीच पूड लावते."

इतकी वर्षं दातांची डॉक्टर असून मी आईचं तोंड कधी नीट बघितलं नव्हतं. ती बघू द्यायची नाही. मला काय झालंय, तुझे पेशंट बघ, म्हणायची. आणि मी ते सोयीस्करपणे ऐकून घ्यायची. पंधरा दिवसांनी ती खिडकीपाशी खुर्चीवर बसली, तेव्हाही आधी पदर तोंडावर धरूनच बसली. मी पदर बाजूला केला. खालचे पुढचे दोन दात हलत होते. मागं दाढेपाशी खिसे खोल होते, खिसा मोजायची बारीक सळई टेकवली की रक्त येत होतं. मला फार लाज वाटली.

"येतो का वास?" आईनं विचारलं.

"येतो."

"मंग बरं झालं."

जालना रोडनं परत येताना सँपलची बाटली मी बॅगेत ठेवली नाही, हातात धरली. शेजारच्या सीटवरच्या बाईनं विचारलं, औषध आहे का. मी हो म्हणाले. त्याच संध्याकाळी प्लेट जारमध्ये गेली. पुढचे आठ दिवस मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. नवऱ्याशी बोलले, एवढं आठवतं.

आठव्या दिवशी सकाळी लॅबमधल्या ताईंनी जार माझ्यापुढं सरकवला आणि स्वतः जरा लांब उभ्या राहिल्या. मी झाकण काढलं. प्लेट उजेडाला धरली. सबंध प्लेटभर काळे ठिपके होते. तुकतुकीत, काळेभोर, दाटीनं बसलेले. माझा जीव भांड्यात पडला. मी ताईंना मिठी मारली, त्या ओरडल्या, "मॅडम, प्लेट, प्लेट!" सर आले, त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि फक्त म्हणाले, "चला, लागा कामाला." म्हणजे विषय राहिला, परीक्षा राहिली, माझं वर्ष वाचलं. जारनं काही चुकवलं नव्हतं आणि माझ्या हातांनीही. मी कॉरिडॉरमध्ये येऊन भिंतीला टेकले आणि थोडं रडले. तिथून जाणाऱ्या वर्गातल्या पोरांनी बघून न बघितल्यासारखं केलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

मग आईला फोन लावला. "आई, उगवलं! भरपूर उगवलंय!"

"खरंच? माझ्या तोंडातलं?" तिच्या आवाजात असा आनंद होता की कुणालाही वाटलं असतं मी पहिली आले. "तुझं काम झालं म्हंजे? आता वर्ष नाय जाणार?"

"नाही जाणार."

"देव पावला. मग आता पूड लावू का गं?"

मला कळेना. सँपल घेऊन आठ दिवस होऊन गेले होते. "तू अजून लावली नाहीस?"

"नाय. म्हटलं, काही नाय उगवलं तर परत लागंल तुला. दुखतंय जरा, पण भाकर कुस्करून खाते, चालतंय."

मी म्हणाले, पूड राहू दे, मिळेल त्या गाडीनं इकडं ये, आजच्या आज तुझ्या हिरड्या साफ करते. हलणारे दात वाचतील. मी वाचवीन.

"येते की," आई म्हणाली. मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "तोंड धुऊन येऊ का तशीच येऊ?"

"धुऊन ये, आई," मी म्हणाले, आणि हत्यारं काढून ठेवायला विभागाकडं निघाले.