दोन घरांचे पोहे

आमच्या वन्सं कुणाकडे जेवायला गेल्या, की पानावर बसायच्या आधीच विचारायच्या, “मग, आमच्याकडे कधी येताय?” हा नुसता उपचार नसायचा. दिवस ठरल्याशिवाय त्या भाताला हात लावत नसत. मस्कतमधल्या भल्याभल्यांना मी त्यांच्यापुढे मोबाईल काढून मोकळा शुक्रवार शोधताना पाहिलंय. ह्यांची ती थोरली बहीण. स्वतः लग्न केलं नाही. भावाला शिकवलं, मग इथे बोलावून घेतलं, वादी कबीरच्या गॅरेजात चिकटवलं आणि शेवटी त्याच्यासाठी मला पसंतही त्यांनीच केलं. “माझ्या संसाराच्या अर्बाब तुम्हीच,” असं मी चिडवायची. मालक म्हटलेलं त्यांना मनातून आवडायचं.

त्या नर्स होऊन ओमानला आल्या त्या थेट रुस्ताकला. मागे डोंगर, पुढे बाजार, मधे दवाखाना आणि त्यांची एक खोली. मराठी बोलणारं कुणी नाही. पहिल्या दिवाळीला पहाटे उठून त्यांनी एकटीनं पोहे केले, एकटीनं खाल्ले आणि ड्यूटीवर गेल्या. त्या दिवसाबद्दल त्या फारसं बोलत नसत. एवढंच म्हणत, “एकट्यानं खाल्लेला सण पोटात जातो, पण अंगी लागत नाही.” पुढे मस्कतला बदली झाली, मदिनत सुलतान काबूसमध्ये एका बंगल्यामागच्या दोन खोल्या त्यांना मिळाल्या, आम्ही आलो, तरी त्या सकाळची धास्ती त्यांच्या मनातून गेली नसावी.

मी साताऱ्याची. आमच्याकडे दिवाळी म्हणजे चकली, अनारसे, कडबोळी. पोहे म्हणजे मुलगी बघायला येणाऱ्यांची सोय. लग्नानंतरच्या पहिल्या नरक चतुर्दशीला वन्संनी माझ्यापुढे पाच तऱ्हांचे पोहे मांडले तेव्हा मला वाटलं, फराळ जमला नाही म्हणून हे चाललंय. गुळाचे, दह्यातले, ताकातले, फोडणीचे, नारळाच्या रसातले, आणि सोबत काळ्या वाटाण्याची उसळ. ह्यांच्या मालवणकडे त्या सकाळी हेच असतं, आणि वाडीतल्या घरोघरी जाऊन ते खायचं असतं, हे मला नंतर कळलं.

आता मस्कतमध्ये वाडी कुठून आणायची? वन्संनी दोन घरांची केली. आधी आम्ही सगळे त्यांच्याकडे जायचं, पोटभर पोहे खायचे. मग हात धुऊन सगळ्यांनी गाडीत बसायचं आणि आमच्याकडे येऊन पुन्हा खायचे. तेही कामाच्या दिवशी, कारण इथे दिवाळीची सुट्टी कुठली! ह्यांच्या अर्बाबला त्या स्वतः फोन करायच्या आणि अर्ध्या दिवसाची सुट्टी मागायच्या नाहीत, कळवायच्या. वर गुळाच्या पोह्यांचा डबा त्याच्याकडे जायचा. तो भला माणूस होता. त्याला ते कधी आवडले असतील असं मला वाटत नाही, पण डबा मात्र दरवर्षी रिकामा परत यायचा.

आमच्याकडे आल्यावर त्या पाहुणीसारख्या बसत. मी वाढायचं, त्यांनी चाखायचं आणि नावं ठेवायची. “साताऱ्याचे हात. दाण्याचं कूट घातल्याशिवाय चैन नाही पडायचं.” मला राग यायचा. तुमचेच पोहे, तुमचीच रीत, मग कशाला दुसऱ्यांदा माझ्या हातचे खाता, असं एकदा मी तोंडावर विचारलंही. त्या हसल्या. “अगं, तू माझ्याकडे खाल्लंस. आता मी नाही खाल्लं तर तुझ्यावर उपकार केल्यासारखं होईल.”

खायच्या आधी कारीट फोडायचं असतं. नरकासुर म्हणून ते कडू फळ पायाखाली चिरडायचं आणि रसाचं बोट जिभेला लावायचं. मस्कतमध्ये कारीट कुठलं? एका वर्षी वन्सं रुस्ताकच्या रस्त्याकडेच्या कोरड्या वादीतून, म्हणजे ओढ्याच्या पात्रातून, हिरव्या पट्ट्यांची गोल फळं घेऊन आल्या. “कारीटच आहे. वाळवंटात जरा मोठं होतं.” ते निघालं इंद्रावण, जुलाबाचं औषध. नर्स असून त्यांना कळलं नाही, आणि त्यांच्या हातचं म्हणून आम्हीही निमूटपणे बोट चाटलं. आमची लेक सई लहान होती म्हणून तिला नुसता टिळा लावला, ती वाचली. आम्हा तिघांची तोंडं इतकी कडू झाली, की पाचही तऱ्हांचे पोहे एका चवीचे लागले. दुसऱ्या घरचेही तसेच. ह्यांनी तक्रार केली तर वन्सं म्हणाल्या, “गप रव आणि खा. यंदाचो नरकासुर जरा मोठो होतो.” चूक कबूल करणं त्यांच्या धर्मात नव्हतं.

माझ्या सासूबाई गेल्या त्या वर्षी मात्र प्रश्न पडला. घरात माणूस गेलं की वर्षभर सण करायचा नाही, गोडधोड करायचं नाही. कुणी आणून दिलं तर खायचं. पण आणून देणार कोण? चतुर्दशीच्या सकाळी हे सुतकी चेहऱ्यानं चहा पीत बसले होते, तेवढ्यात दार वाजलं. वन्सं डबे घेऊन उभ्या. हे म्हणाले, “ताई, आई आपल्या दोघांची होती ना? मग तू कसं केलंस?” त्यांचे डोळे रडून सुजलेले होते, पण आवाज पक्का होता. “माझा घर वेगळा, तुझा घर वेगळा. मी केलंय ता तू खा. तू केलंस ता मी खातंय. आपल्या घरचा कोणीच खाल्लेला नाय.” कुठल्या शास्त्रात हे बसतं, मला माहीत नाही. त्या सकाळी बहीणभाऊ आईच्या आठवणी काढत एकमेकांना आग्रहानं वाढत होते, आणि मी घाईघाईनं केलेल्या पोह्यांत मुद्दाम कूट घातलं नव्हतं.

यंदा उन्हाळ्यात त्या रजेवर गावी गेल्या आणि एका दुपारी जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत. हे पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. गावकऱ्यांनी तरी किती थांबायचं? परत आल्यावर ह्यांनी त्या बंगल्यामागच्या खोल्या रिकाम्या केल्या, किल्ली दिली आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर जायला लागले. रडले नाहीत. जेवायचे, पण वाढलेलं खायचे, मागायचे नाहीत. मी ताईंचा विषय काढला की उठून जायचे. माणूस असा आतून बंद झाला की त्याच्याबरोबर एका घरात राहणं फार कठीण असतं. मला वन्सं हव्या होत्या, आणि त्या कशाला हव्यात तर त्या गेल्याचं दुःख ह्यांना पचवायला लावण्यासाठी. दुसरं कुणाला ते जमलंही नसतं.

दिवाळी जवळ आली तशी मी हळूच विचारलं. “यंदा काही नाही. खलास,” हे म्हणाले. मीही पोहे आणले नाहीत. आणले असते तरी खायला जाणार कुठे होतो?

चतुर्दशीला हे कामावर निघायच्या तयारीत असताना सईचा फोन आला. तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली, इथेच अल खुवैरला राहते. जावई साईटवर, दूर वाळवंटात. सईचं सगळं बोलणं इंग्रजीत, मराठी विचार करून करून येतं.

“आई, बाबांना घेऊन ये ना. मी पोहे केलेत. पाच टाइप नाही जमले, दोनच केले.”

मी म्हटलं, “अगं, आपल्याला यंदा सण नाही.”

“तुम्हाला नाही. माझं लग्न झालंय, माझं घर वेगळं आहे. आत्यानेच सांगितलेलं मला.” मग म्हणाली, “मला एकटीला नाही खायचंय, आई.”

फोन स्पीकरवर होता. हे बूट घालता घालता थांबले. मग त्यांनी गाडीची किल्ली उचलली.

सईचे पोहे जास्त भिजून लगदा झाले होते. “सॉरी, मॅश झालेत,” ती म्हणाली. गुळाच्यांत गूळ विरघळलाच नव्हता, मधेच खडे लागत होते. ह्यांनी दोन्ही तऱ्हा खाल्ल्या आणि कितीतरी दिवसांनी पुन्हा मागून घेतलं. मला वाटलं, चला, एवढं तरी झालं.

सईनं हात धुतले, ओढणी घेतली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. “चला. आता तुमच्या घरी.”

मला तिच्याकडे बघवेना. माझ्या घरी गॅससुद्धा पेटला नव्हता. “सई, आपल्याकडे काही केलेलं नाही गं,” मी म्हणाले.

तिचा चेहरा पडला. आणि मग हेच म्हणाले, “पोहे वाटेत घेऊ. नारळ आहे ना घरात? मी खवून देतो.”

घरी येऊन मी पोहे भिजवले, ह्यांनी नारळ खवला. आयुष्यात पहिल्यांदाच खवत होते, निम्मा ओट्यावर सांडला. मी वाढलं. तिघांचीही पोटं भरलेली होती, पण नको कुणीच म्हणालं नाही. दुसऱ्या घासाला हे रडायला लागले, अगदी लहान मुलासारखे. सई घाबरून उठायला लागली. मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं आणि म्हटलं, “खा तू. बाबाही खाताहेत.”