मेश्राम मॅडम आणि जोडीतले प्रोटॉन

डॉ. यशोधरा मेश्राम यांना मी प्रथम पाहिले ते कर्वेनगरातल्या आमच्या महाविद्यालयात, व्याख्यान देताना. अणुकेंद्रकावर इलेक्ट्रॉन आदळवून आतले प्रोटॉन-न्यूट्रॉन कसे फिरतात ते शोधता येते, असे त्या सांगत होत्या. बहुतेक कण वेगाच्या एका मर्यादेत फिरतात; मोजके मात्र कितीतरी अधिक संवेगाने धावतात, आणि तेही बहुधा जोडीने.

"जोडीनेच का?" मी विचारले.

"पूर्ण ठाऊक असते तर मी इथे उभी राहिले नसते. या, शोधू."

मूळच्या भंडाऱ्याच्या मॅडमना पुणेरी उत्तर चांगलेच साधले होते. पुढच्या वर्षी मी त्यांची संशोधक विद्यार्थिनी झाले.

परदेशी प्रयोगशाळेतल्या मोजमापांचे विश्लेषण आम्ही पुण्यात करत असू. तिसऱ्या वर्षी माझ्या आलेखात वेगवान प्रोटॉन अपेक्षेहून खूपच जास्त दिसले. शोधनिबंध नियतकालिकाकडे रवाना झाला, अभिनंदने सुरू झाली. मॅडम मात्र आलेखाकडेच पाहत राहिल्या.

"हे आतच धावत होते, की बाहेर पडताना कुणावर आपटले?"

आठ दिवस आम्ही दोघींनी तपासले. बरेचसे वाटेत दुसऱ्या कणावर आपटून वेगवान भासलेलेच निघाले. त्यांना वगळण्याची अट मी चुकीची लावली होती.

"परीक्षकांच्या लक्षात येईलच असे नाही, मॅडम," मी चाचरत म्हणाले.

"आपल्या आले ना? मग आपणच सांगायचे."

निबंध मागे घेण्याचे पत्र त्यांनीच लिहिले. 'तपासणीत मी कमी पडले' एवढेच कारण दिले. माझा उल्लेखही केला नाही.

प्रबंध वर्षभर लांबला. बिबवेवाडीत शिलाईचे दुकान चालवणारे माझे वडील वैतागले. एका रविवारी मॅडम स्वतः दुकानात आल्या.

"अहो, मुलगी मागे पडलेली नाही. शिवण चुकली होती, उसवून पुन्हा घालतेय."

"उसवायला जास्त वेळ लागतो," वडील म्हणाले, आणि प्रबंध कधी संपणार, हे पुन्हा त्यांनी कधी विचारले नाही. मग कापडाचा उभा-आडवा धागा कसा ओळखतात, हे विचारत मॅडम तासभर तिथेच बसल्या.

नव्या विश्लेषणातले वेगवान प्रोटॉन कमी होते, पण ते प्रत्येक तपासणीत टिकले.

आज साठीत पदार्पण करताना मॅडमनी नवा प्रश्न हाती घेतला आहे: जोडीत धावणारा प्रोटॉन आतूनही बदलतो का? उत्तराला बराच काळ लागेल, असे त्याच म्हणतात. तेवढा काळ, आणि त्यातून निघणाऱ्या पुढच्या प्रश्नापुरता आणखी थोडा, त्यांना ठणठणीत प्रकृतीने लाभो.