कंदील कोणी भरला?

सॅमसन गेल्याचं त्याच्या मुलीने, लीयाने, फोनवर सांगितलं तेव्हा मी गाडीला विंटर टायर लावून घ्यायला गॅरेजमध्ये बसले होते. "आत्या, डॅड इज गॉन," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. माझ्या तोंडून पहिलं वाक्य काय निघावं? "अगं, आज शुक्रवार. मामीला फोन कोण करणार?" आता आठवलं की लाज वाटते. पोरीचा बाप गेलेला आणि मला फोनची पडलेली...

सॅमसन माझा मामेभाऊ. दोन वर्षांनी मोठा, पण मी त्याला कधी दादा म्हटलं नाही. आम्ही रेवदंड्याचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू. माझी आई लवकर गेली, मामीनेच दोघांना एका ताटात वाढवलं. तो टोरंटोत आला, मागोमाग मी आले. इथे तीस वर्षं दर शुक्रवारी सकाळी सातला त्याचा मामीला फोन असायचा. तिकडे तेव्हा संध्याकाळ, शब्बाथचा दिवा लावायची वेळ. ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करता करता, एकदा तर चक्क डेंटिस्टच्या वेटिंग रूममधून, पण एक शुक्रवार चुकवला नाही त्याने.

आमच्या घराण्याची एक खोड आहे. वाईट बातमी दूरच्या माणसाला सांगायची नाही. मामा गेले तेव्हा सॅमसनची इथे कामाच्या लायसन्सची परीक्षा होती, म्हणून त्याच्या धाकट्या भावाने, बेनीने, चार दिवस कळवलंच नाही. आमच्यात माणूस गेलं की जवळच्यांनी सात दिवस जमिनीवर बसायचं. लोक येतात, जेवण आणतात, गेलेल्याबद्दल बोलतात. तिकडचे चार दिवस सरल्यावर हा इथे अपार्टमेंटच्या कार्पेटवर एकटा बसला. बेनीला फोनवर म्हणाला, "माझ्या बापाचे सात दिवस कसे बसायचे हे ठरवणारे तुम्ही कोण?" वर्षभर धड बोलला नाही त्याच्याशी. आणि स्वतःला कॅन्सर झाला तेव्हा हाच शहाणा मला म्हणतो कसा, "मिल्के, आईला कळता कामा नये." मी म्हटलं, "वा रे वा, लोका सांगे ब्रह्मज्ञान!" तो हसला. शब्द मात्र घेतला माझ्याकडून.

आजारपणात त्याने एक पुस्तक काढलं. लहानपणी आम्ही पारायणं केलेलं, मुखपृष्ठ केव्हाच गेलेलं, नाव दोघांनाही आठवत नव्हतं. 'गुहेचं पुस्तक' म्हणायचो. तीन भावंडं आईला न सांगता पहाटे घर सोडतात, खजिना शोधायला गुहेत शिरतात आणि अडकतात. मामीची नजर गेली आहे, म्हणून तो शुक्रवारी फोनवर तिला त्यातलं एकेक प्रकरण वाचून दाखवायचा. मी चिडवायची, "साठी उलटली, अजून खजिनाच शोधतोयस?"

एकदा केमोच्या खुर्चीत बसून त्याने ते पान माझ्यापुढे धरलं. 'सुदैवाने कंदील काठोकाठ भरलेला होता.' त्या उजेडावर पोरं तीन दिवस तग धरतात. "मिल्के, कंदील कोणी भरला गं?"

"लेखकाने," मी म्हटलं.

"तसं नाही. कंदील स्वयंपाकघरातला. रात्रभर जळलेला. पहाटे तो भरलेला कसा?" मग म्हणाला, "ही आई सबंध पुस्तकात दोनदा येते. सुरुवातीला झोपलेली असते, शेवटी दार उघडते. मला वाटतं ती झोपलेली नव्हतीच."

मला तेव्हा त्याच्या हाताला लावलेली सुई दिसत होती, पुस्तक कुठलं दिसायला! "बरं बाबा, नव्हती झोपलेली," म्हणून विषय मिटवला. त्याला पुढे बोलायचं होतं. मी बोलू दिलं नाही. हे आता कुणाला सांगू?

खरं तर ते पुस्तक वाचून आम्हीही एकदा तसेच पळालो होतो. तो नऊचा, मी सातची. ओहोटीची वेळ साधून पहाटेच किल्ल्यात गेलो, मामीचा कंदील घेऊन. दुपारी परत आलो तर मामी मासे साफ करत होती, मान वर करून बघितलंसुद्धा नाही. तिला पत्ताच लागला नाही, हे आम्ही पन्नास वर्षं अभिमानाने सांगत आलो.

तर तो गेला, आणि बेनीने ठरवलं की आईला सांगायचं नाही, तिचं हृदय नाजूक आहे. मी हो म्हटलं. पहिल्या शुक्रवारी सांगितलं, सॅमसनचा घसा बसलाय. दुसऱ्या शुक्रवारी, कामासाठी व्हँकुव्हरला गेलाय. मग काय काय सांगितलं ते मलाच आठवत नाही. मामी प्रत्येक वेळी "बरं" म्हणायची आणि दिवा लावायला उठायची. फोन ठेवल्यावर मी वॉशरूममध्ये जाऊन रडायची.

पाचव्या शुक्रवारी थापा संपल्या. म्हटलं, "मामी, पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलंय, मी वाचू?" वाचलं. आईने दार उघडलं, पोरं आत आली, संपलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "मामी, त्यांचा कंदील कोणी भरला असेल?"

"त्यांचा मला काय ठाऊक," मामी म्हणाली. "तुमचा मी भरला होता. सॅमसन उशीखाली काड्यापेटी घेऊन झोपलेला. मग काय, रिकामा नेऊ देऊ? किल्ल्यापर्यंत मागे आले होते मी तुमच्या."

मी पुस्तक मिटलं. मग तीच म्हणाली, "मिल्का, माझे सात दिवस झाले बसून. तू पहिला फोन केलास ना, त्याच संध्याकाळपासून. सॅमसनचा घसा बसला असता तर त्याने बसक्या घशाने फोन केला असता. बेनीला म्हटलं, गादी टोचते, मी खाली बसते, खालीच झोपते. त्याला सांगू नकोस हं. मला कळू नये म्हणून फार जपतोय बिचारा."

सात दिवस. दाराशी कुणी आलं नाही, कुणी जेवण आणलं नाही, मुलाबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही. तिच्यासमोर तिचा दुसरा मुलगा हसून खेळून वावरत होता आणि ती त्याला वावरू देत होती. मी इथे बर्फात बसून काय करणार होते? तेव्हाही काही केलं नाही, आताही काही सुचत नाही. पुस्तक माझ्या स्वयंपाकघरात फोनशेजारी पडून आहे. शुक्रवारी सकाळी सात वाजले की मी ते पहिल्या पानापासून मामीला वाचून दाखवते. ती "बरं" म्हणते.

बेनीला सांगणार नाही, असा मामीला दिलेला शब्द मी इथे छापून मोडते आहे. बेनी, ही रविवारची पुरवणी तू पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतोस, मला माहीत आहे. वाचून झालं की उठ, आत जा, आणि आईजवळ खाली बस.