रापणीच्या दोरावर

पहाटेच्या गारव्यात ओल्या दोराचा वास आला की अजूनही माझे तळवे शिवशिवतात. समुद्राचं खारेपण, वाळू आणि माशांचे खवले त्या वासात एकजीव झालेले असतात. तोंडवलीच्या किनाऱ्यावर रापण लागते, तेव्हा होडी समुद्रात जाळं अर्धवर्तुळात सोडून येते आणि त्याच्या दोन्ही टोकांचे दोर धरून अख्खी वाडी ते किनाऱ्याकडे ओढत राहते. कोण मास्तर, कोण खलाशी, हे दोराला ठाऊक नसतं. मी शाळेत शिकवायचो, पण आधी दोराला हात लावून मगच शाळेत जायचो. आमच्या घरातली ती रीतच होती.

कोकण रेल्वे सुरू होऊन काही वर्षं झाली असतील. होडी वर घेताना माझ्या पाठीत अशी चमक भरली, की महिनेच्या महिने अंथरूण धरावं लागलं. कणकवलीचे डॉक्टर म्हणाले, तूर्तास दोर विसरा. आजारी रापणकराचा वाटा घरपोच करायची आमच्याकडे पद्धत आहे. रापणीचे म्होरके भाऊकाका एरवी तोंडाचे फटकळ; पण माझ्या दारात मासळी ठेवताना हळू आवाजात म्हणत, "तू पडान रव रे, आमी ओढतंव." किती मायेचं बोलणं, आणि किती जिव्हारी लागायचं! घाम न गाळता आलेला बांगडा घशाखाली उतरत नसे. मला पुन्हा त्या रांगेत उभं राहायचं होतं. दुसरं काही नको होतं.

डॉक्टरांच्याच सल्ल्याने मी दर रविवारी कणकवलीला योगासनं शिकवणाऱ्या एका निवृत्त बाईंकडे जाऊ लागलो. तिथे माझी काय फजिती झाली म्हणून सांगू! वीरभद्रासनात उभं केलं की माझ्या टाचा आपोआप सतरंजीत रुतायच्या, अंग मागे कलायचं, दात आवळले जायचे आणि श्वास कोंडून मी कुणाच्या तरी आरोळीची वाट बघत राहायचो. बाई माझ्याभोवती एक फेरी मारून शांतपणे म्हणाल्या, "मास्तर, हय रापण ओढूची नाय आसा. आदी श्वास सोडा." सगळा वर्ग हसला. मलाही हसू आलं, आणि हसताना कोंडलेला श्वास सुटला. त्या दिवशी आसन प्रथमच जरा टिकलं.

दात-ओठ खाण्यालाच मी जन्मभर धीर समजत आलो होतो काय? मग मी तो मोकळा श्वास जिथे तिथे वापरू लागलो. खड्ड्यांतून आदळणाऱ्या एस.टी.त, वर्गातल्या गोंगाटात, विहिरीवर अर्धीच कळशी उचलताना. चिडचिड व्हायची, रडूही यायचं; बायको म्हणायची, आज तुमचं आसन बिघडलेलं दिसतंय. तरी सकाळी सतरंजी पसरली जायचीच. तितिक्षा, म्हणजे शांतपणे सोसण्याची ताकद, हा भारदस्त शब्द पुस्तकात वाचला होता. तो अंगात असा इंच-इंच मुरतो, हे मला पाठीने शिकवलं.

अखेर डॉक्टरांनी मान डोलावली आणि थंडीतल्या एका सकाळी मी किनाऱ्यावर गेलो. रांगेतल्या माणसांनी सरकून जागा करून दिली. दोर हातात आला. पाठीने दगा दिला तर? मी जपून, अंग चोरून ओढू लागलो. जाळं जड होतं, लाट उलटी खेचत होती. तेवढ्यात मागून भाऊकाकांचा आवाज सगळ्या किनाऱ्यावर घुमला, "रे मास्तरा, निजलंस काय? जोर लाव, नायतर बाजूक हो!"

इतक्या दिवसांत माझ्यावर कुणी ओरडलं नव्हतं. ते ओरडणं ऐकून मला जे सुख झालं, ते कुठल्याही शाबासकीने झालं नसतं. मी पाय रोवले, श्वास मोकळा सोडला आणि सर्वांगाचा भार देऊन ओढलं.