दोन महिन्यांचा दाणा

पंचशीलाच्या घरी पोह्यांत शेंगदाणा पडत नाही. इंदूरमध्ये हे ऐकून लोक तोंडाकडे बघतात. वीस वर्षं ती ऑपरेशन थिएटरात नर्स आहे. आज दोन वर्षांच्या पोराच्या श्वासनळीतून निघालेला दाणा दोन महिने आत सडलेला, पुवानं माखलेला होता. आणि घरचे दमा समजून वाफ देत बसलेले! त्याचा कुजका वास मास्कमधूनही तिच्या घशात उतरला.

तिनं बाटलीतला दाणा पोराच्या आजोबांना दाखवून बजावलं, "पाच वर्षांचा होईपर्यंत दाणा बंद." त्यांनी हात जोडले.

संध्याकाळी वॉर्डात पोरगं काहीतरी चघळत होतं. तिनं तोंडात बोट घालून ते लाळेसकट बाहेर काढलं.

"दाणा कुठे, सिस्टरजी?" आजोबा समजावत म्हणाले. "भुना चना आहे, बस!"